भिंतीकडे तोंड केलेला टीव्ही

आबांच्या बैठकीत शिरायचं तर अंग चोरून, तिरकं होऊनच शिरावं लागे. दाराला अगदी खेटून टीव्हीचं स्टूल होतं, त्यामुळे दाराची एकच फळी उघडायची. बरं, दारात ठेवला तर ठेवला, त्या टीव्हीचं तोंड समोरच्या कोऱ्या भिंतीकडे. भिंतीला चिकटून एक लोखंडी खुर्ची, तीही आडवी. आबा तिच्यावर डावा खांदा भिंतीला टेकवून बसायचे आणि मान उजवीकडे वळवून टीव्ही बघायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, सामान लावता लावता काहीतरी अर्धवट राहून गेलं असेल. तीन वर्षं मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले, पण ते अर्धवट काही पूर्ण झालं नाही.

मी तेव्हा जळगावात एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. घर धुळ्याला, नवरा आणि सासूबाई तिकडे. आठवड्याचे साडेपाच दिवस जळगाव, शनिवार दुपारपासून रविवारपर्यंत धुळे, असं चाललं होतं. खोली बघायला गेले तेव्हा आबांनी नवरा काय करतो विचारलं नाही, जात विचारली नाही, घरात काय शिजवणार तेही विचारलं नाही.

"सकाळी किती वाजता निघणार?"

"साडेनऊला."

"नक्की की अंदाजे?"

"नक्की."

"परत?"

"पाचपर्यंत."

"पर्यंत म्हणजे काय? चार पन्नासला आलात तरी पाचपर्यंतच होतं."

मी "पाच दहा" म्हटलं. त्यांनी लगेच किल्ली दिली आणि वहीत लिहिलं, 'मॅडम. सुटण्याची वेळ ९.३०. पोचण्याची वेळ ५.१०.' ती उभी, जाड वही दाराशी खिळ्याला दोऱ्याने टांगलेली असे आणि तिला दोन पेनं बांधलेली असत. वेळेवर आलं की काळं, उशीर झाला की लाल. आबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. फलाटावरच्या गाड्यांच्या वेळा लिहिणं आणि माइकवरून घोषणा करणं या दोन कामांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण गल्लीत कोणी त्यांना नावाने ओळखत नव्हतं. ते कंट्रोलर आबा.

त्या लाल पेनाने माझा फार जीव खाल्ला. रिक्षा मिळाली नाही, कॉलेजात मीटिंग लांबली, वाटेत भाजी घेतली, काहीही असो. "अकरा मिनिटं उशीर. कारण?" मी कारण सांगायचे, ते शेऱ्यात उतरवून घ्यायचे. एकदा चिडून म्हटलं, "आबा, मी भाडेकरू आहे, गाडी नाही." ते शांतपणे म्हणाले, "गाडी कारण सांगत नाही. तुम्ही सांगता, एवढाच फरक."

आबा घरात एकटे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन धुळ्याला. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, गुरुवारी सकाळी वांगी भाजून भरीत करत आणि तेही बरोबर सव्वाआठला. पण त्यांची खरी मौज होती ती घोषणांत. आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि वेळेचा काही भरवसा नसायचा. आबा ओट्यावर उभे राहत आणि एकाच संथ सुरात सांगत, "नळाला पाणी आलेलं आहे. पाण्याचा दाब कमी आहे. कृपया भांडी तयार ठेवावीत." ओरडत नसत. ओरडणारा माणूस माइकवर नवशिका, असं त्यांचं मत होतं. तरी तो आवाज सहाव्या घरापर्यंत पोचायचा. गल्लीतल्या एका लग्नात कोणाला तरी हुक्की आली आणि आबांच्या हातात माइक दिला. आबांनी घड्याळ पाहून सांगितलं, "नवरदेव वीस मिनिटं उशिराने येत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." नवरदेवाचे मामा पंगतीत वाढेपर्यंत फुगून बसले होते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे संध्याकाळचा टीव्ही. साडेसहा ते आठ, लागोपाठ तीन मालिका, आवाजाचा काटा शेवटच्या टोकाला. भिंती हादरायच्या म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण माझ्या मांडणीतली वाटी मात्र खणखणायची. गल्लीचं एकमत होतं की आबांना ऐकू कमी येतं. मीही तेच धरून चालले. गंमत अशी, की मागच्या खोलीत माझं दूध उतू जायला लागलं की बैठकीतून हाक यायची, "मॅडम, दूध." बहिऱ्या माणसाला दूध कसं ऐकू येतं, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडायला हवा होता. मला पडला नाही.

कॉलेजशिवाय मी संध्याकाळी सात ते आठ एका क्लाससाठी ऑनलाइन शिकवायचे. ते शिकवणं मला मनापासून आवडायचं आणि हवंही होतं. पण माझ्या समीकरणांच्या मागे रोज कोणाचं तरी रडणं, कोणाची तरी थप्पड आणि ढँ-ढँ संगीत. एके दिवशी एका मुलीने लिहून विचारलं, "मॅडम, x ची किंमत कळली, पण त्या बाईने पत्र का जाळलं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. मग पालकांच्या तक्रारी गेल्या आणि क्लासच्या मालकांनी फोन करून सांगितलं, आवाजाचं बघा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या मॅडम बघाव्या लागतील.

मी आबांकडे गेले. "आबा, थोडा आवाज कमी कराल का?"

"नाही."

"थोडासा."

"थोडासा कमी म्हणजे कमीच. होणार नाही."

इतकं सरळ 'नाही' ऐकल्यावर मी घुश्श्यात परत आले. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला हेडफोन घेऊन दे म्हातारबुवांना, सोपं आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना स्टँडजवळच्या दुकानात गेले. हजाराच्या आत बिनवायरीचे हेडफोन मिळाले, मऊ गाद्यांचे. टीव्ही जुना असल्यामुळे त्याच्या मागे लावायला काडेपेटीएवढी एक डबी घ्यावी लागली. ती लावली की टीव्ही गप्प, आवाज फक्त कानात. दुकानदाराने दोनदा समजावून सांगितलं आणि मी घरी येऊन तिसऱ्यांदा आबांना समजावलं. ते ऐकून घेत होते, हात मात्र लावत नव्हते. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं, "आबा, तुमच्या टीव्हीमुळे माझा क्लास जाईल."

ते एकदम ताठ झाले. "आमच्यामुळे तुमची गाडी अडतेय?"

"अडतेय."

त्यांनी हेडफोन उचलले आणि टोपीवरूनच डोक्यावर चढवले. आपल्यामुळे दुसऱ्याची गाडी अडू नये, हा त्यांचा धर्म होता. वहीत नवी ओळ आली, 'मॅडमचा क्लास ७.००.'

हेडफोनवर त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे बाईचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. "गाडी सुटल्यावर घोषणा करण्यात काय अर्थ आहे?" हे दुकानदाराने मला सांगितलंच होतं, स्वस्तात थोडं मागेपुढे चालायचं. दुसरी तक्रार डाव्या कानाची. डावी गादी ते कानावर ठेवत नसत, मागे सरकवून देत. मी दोनदा नीट बसवून दिली, दोन्ही वेळा त्यांनी ती सरकवली. "दुखतो तो कान," म्हणाले. मी म्हटलं, असेल.

दोन दिवस स्वर्ग होता. माझा वर्ग इतका शांत की मला माझाच आवाज अनोळखी वाटला.

तिसऱ्या दिवशी पहाटेच बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला गच्चीवर कोणीतरी आलं होतं. आमच्या गच्चीच्या मधोमध गुडघाभर भिंत होती, पलीकडची बाजू शेजाऱ्यांची. त्यांचं दार मागच्या गल्लीत, त्यामुळे त्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं. माझ्याच वयाची बाई होती. तिने इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "मॅडम, आबाना टीव्ही बिघडना का?"

"नाही. का हो?"

"दोन दिन झायात, आवाजच येत नही. आमना नाना चिडी राहिनात. भाकर बी धड खात नहीत."

नाना म्हणजे तिचे सासरे. ती आणि तिचा नवरा डाळीच्या दुकानात कामाला, घरी यायला साडेआठ होतात. नाना तोवर एकटे, आणि काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. मी विचारलं, तुमच्याकडे टीव्ही नाही का?

"व्हता ना. डोया गयात तवय नानासनीच ईकी टाका. म्हणे, दिसत नही तं कसाले ठेवाना." डोळे गेल्यावर नानांनीच टीव्ही विकून टाकला होता. "मंग आबानी तिकडे टीव्ही फिराई टाका."

मला काही समजेना. तेव्हा तिने बिबड्या राहू दिल्या आणि सांगितलं. नाना आणि आबा सख्खे भाऊ. घर एकच होतं. नाना थोरले, ते गाडीचे ड्रायव्हर, यावलमार्गे चोपडा हा त्यांचा नेहमीचा रस्ता. दोघे भाऊ एकाच डेपोत, सकाळी एकाच सायकलवर जायचे. नानांची तीस वर्षं नोकरी झाली, कागदावर एक लाल शेरा नाही. निवृत्तीला चार महिने होते आणि तसा बेदाग ड्रायव्हर म्हणून डेपोत त्यांचा सत्कार ठरला होता. सत्काराच्या आठवड्यात एका सकाळी नाना चहाला रेंगाळले आणि गाडी आठ मिनिटं उशिरा सुटली. कंट्रोल रूममध्ये आबा होते. त्यांनी आठ मिनिटं लिहिली. लाल पेनाने. सत्कार दुसऱ्याचा झाला. नानांनी घरी येऊन एवढंच म्हटलं की आजपासून तू मला भाऊ नाहीस, आणि महिन्याभरात घराच्या मधोमध चार इंची भिंत उभी राहिली. त्याच वर्षी आबांनीही मुदतीआधी निवृत्ती घेतली. बारा वर्षांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोललेले नव्हते, आबांची बायको गेली तेव्हासुद्धा नाना येऊन उभे राहिले आणि न बोलता गेले.

भिंतीत वायर पलीकडे नेण्यासाठी एक भोक पाडलेलं होतं. नाना संध्याकाळी त्या भोकाशी खाट ओढून बसत.

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. मी त्या माणसाची सगळी संध्याकाळ एका काडेपेटीएवढ्या डबीने बंद करून टाकली होती आणि वर दोन दिवस खुशीत शिकवत होते. ठरवलं, आबांना सांगायचं, काढा ते हेडफोन, क्लासचं मी बघते. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळी साडेसहाला बैठकीत गेले.

आबा खुर्चीवर होते. डोक्यावर टोपी, टोपीवर हेडफोन, डावी गादी मागे सरकवलेली. टीव्हीकडे बघायचे आणि मग तोंड भिंतीकडे वळवायचे. भिंतीतल्या त्या भोकापासून ओठ वीतभर अंतरावर.

"मोठ्या सूनबाई दिवाणखान्यात आलेल्या आहेत. हातात दुधाचा पेला आहे. चेहऱ्यावरून हेतू चांगला दिसत नाही. सासूबाई जिन्यावरून उतरण्याच्या तयारीत आहेत."

आवाज संथ, खालचा, बसस्टँडवरचा. मी दारातच अडकून उभी राहिले. हसू येत होतं, पण हसवेना.

जाहिराती लागल्यावर विचारलं, "आबा, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही."

"मग?"

"घोषणा कोणाशी बोलण्यासाठी नसते. केलेली असते. ज्याला जायचंय तो ऐकतो."

एवढं बोलून त्यांनी मला घड्याळ दाखवलं. सातला पाच कमी होती.

तिथून पुढे रोज तेच. माझ्या वर्गात काही ऐकू येत नसे. भिंतीपलीकडे मात्र पूर्वीपेक्षा जास्त कळत असणार, कारण आधी नुसते संवाद जायचे, आता कोणी कोणाकडे कसं पाहिलं तेही जाऊ लागलं. सून गच्चीवर भेटली की सांगायची, नाना आता दोन भाकरी खातात. भिंतीकडून उत्तर मात्र कधीच आलं नाही. मी एकदा धीर करून आबांना म्हटलं, "एकदा जाऊन बोला ना त्यांच्याशी. तुम्ही धाकटे आहात." आबा म्हणाले, "गाडी उशिरा सुटली होती, मॅडम. मी खोटं लिहायला हवं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मग काय बोलू?" याचं उत्तर मिळावं म्हणून ते माझ्याकडे बघत होते हे मला तेव्हा दिसलं. भाऊ हवा होता त्यांना. पण तो शेरा खोडून नको होता.

थंडीत आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगी धुळ्याला, म्हणून तिकडेच. शनिवारी सकाळी निघाले ते शुक्रवारी येणार होते. जाताना त्यांनी हेडफोन चार्ज करून, पुसून माझ्या हातात दिले. "कंट्रोल तुमच्याकडे," म्हणाले. विनंती नव्हती, बदलीचा हुकूम होता.

सोमवारी साडेसहाला मी त्या आडव्या खुर्चीवर बसले. आयुष्यात साठ-साठ मुलांसमोर उभी राहिलेय, पण भिंतीतल्या एका भोकासमोर पहिलं वाक्य मनात तीनदा घोकलं. "नेहमीचे निवेदक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले आहेत," मी सुरुवात केली. "ते शुक्रवारी परत येतील." पलीकडे खाट करकरली. मग मला जमेल तसं मी सांगत गेले. घरात निळ्या शर्टातला एक माणूस आला, तर "एक माणूस आला" एवढंच म्हटलं. पलीकडून भिंतीवर बोटाने टकटक झाली. मी घाबरून सांगितलं, मामेभाऊ आहे, मामाचा मुलगा, परदेशातून आलाय. टकटक थांबली. सातला माझा क्लास, म्हणून मी जाहीर केलं, "सात वाजताची आणि साडेसातची मालिका रद्द करण्यात आलेली आहे." त्यावर जी टकटक झाली ती हाताच्या मुठीने होती.

चार दिवस अशी ड्युटी केली.

शुक्रवारी आबा आले. डोळ्याला काळा चष्मा. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून सांगितलं होतं, मुलीने तर शपथ घातली होती. साडेसहाला मी हेडफोन परत द्यायला गेले तर ते चष्म्यासकट खुर्चीवर हजर. हेडफोन चढवले, डावी गादी मागे सरकवली, आणि सुरू झाले.

"सूनबाई तुळशीपाशी उभ्या आहेत. फाटकातून एक गृहस्थ आत येत आहेत. निळा शर्ट. ते..."

आबा अडकले. त्यांनी पुन्हा पाहिलं. सूनबाई त्या गृहस्थाला बघून रडायला लागल्या, सासूबाईंच्या हातातलं ताट पडलं, एवढं सगळं घडत होतं आणि आबांना तो माणूस कोण तेच माहीत नव्हतं. सगळी नोकरी झाली, पण न ओळखलेल्या गाडीची घोषणा त्यांनी कधी केली नव्हती. "एक गृहस्थ," ते पुन्हा म्हणाले, "ते गृहस्थ... त्यांचं..." त्यांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

मला उत्तर येत होतं. सोमवारपासून येत होतं. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. आयुष्यभर मुलांना ओरडत आले की येत असेल तर सांगा, गप्प बसू नका. त्या दिवशी मी येत असून गप्प बसले.

टीव्हीवर चित्रं हलत होती, आवाज नव्हता. भिंतीपलीकडे खाट करकरली. कोणीतरी खाकरलं. आणि मग भोकातून एक जाड, खरखरीत आवाज आला.

"तो तिना मामाना पोऱ्या शे. सोमवारले वना. ध्यान कोठे शे तुनं?"

उजव्या कानात मालिका चालू होती. पण आबांना पहिलाच शब्द ऐकू आला, कारण डावा कान मोकळाच होता. तो दुखत नव्हता, कधीच दुखत नव्हता. बारा वर्षं तो त्या भिंतीला लावून ठेवलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

आबांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. घोषणेचा सूर गेला. आबांना मी पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलताना ऐकलं.

"मी धुयाले व्हतू, नाना. डोयानं आपरेशन व्हतं."

"माले माहीत शे." पलीकडे खाट भिंतीकडे सरकली. "आते दिसस का?"

"दिसस."

"मंग बराबर सांग."

आबांनी चष्मा वर करून डोळे पुसले, जे करायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि खुर्ची वळवून पुरते भिंतीकडे तोंड करून बसले. मालिकेचं त्यांनी पुढे काहीच सांगितलं नाही. नानांनी विचारलंही नाही. मामेभावावरून गोष्ट कुठल्या तरी चोपड्याच्या मामावर गेली, मामावरून त्याच्या बैलजोडीवर, आणि मी तिथेच टीव्हीशेजारी उभी राहिले. हातातल्या हेडफोनमधून मालिकेतली सून बारीक आवाजात रडत होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

भानावर आले तेव्हा तिरकी होऊन दारातून बाहेर पडले आणि धावत खोलीत गेले. मुलं वाट बघत होती. क्लास नऊ मिनिटं उशिरा सुरू झाला.

शनिवारी सकाळी साडेनऊला निघताना वही पाहिली. लाल पेन दोऱ्याला होतं, काळंही होतं. शुक्रवारच्या पानावर 'मॅडमचा क्लास ७.००' असं आबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्या पुढचा शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता.